यशूच्या वाट्याचं

सर्जेरावाचा माळ, खुलताबादच्या पलीकडं
९ फेब्रुवारी २०२५

मेघाताई,
विशाखाचा जय भीम.

चिठ्ठी बघून तू आधी घाबरशील, मग म्हणशील, या बयेला फोन करता येत नाय का. फोन बंद पडलाय. चालू होता तव्हा तरी कुठं लागायचा? टेकाडावर चढून उभं राहावं लागायचं. नानासाहेबाची भाजीची जीप रोज पहाटे फाट्यावरून शहागंजला जाती, त्याच्यापाशी दिलंय. मंडईत तो मनकर्णाबाईच्या दुकानाशी माल उतरवतो. तू भाजी तिच्याकडूनच घेतीस, तव्हा पोहोचायला अडचण नाय.

इथलं बरं चाललंय. हरभरा उपटून खळ्यावर टाकलाय. गहू पिवळा पडायला लागला. करडईनं हाताची पार चाळण केलीय. दव असतं तव्हा काटा नरम राहतो, म्हणून दिवस उगवायच्या आत काढायला जावं लागतं. शेवगा लई लागलाय. तुरीला लाल माती लावून वाळत घातलीय, जात्यावर भरडली की वर्षाची डाळ झाली. मीठ आणि काडेपेटी सोडून काय विकत आणलं नाय, तू आता हसशीलच. भांडी राखेनं, डोकी रिठ्यानं. तुझ्या भावजींचा जुना शर्ट यशूचा झगा झाला, आणि झगा फाटला की पोतेरं व्हईल.

आता कामाचं. यशूला थोडे दिवस तुझ्याकडं ठेवशील का? मिरग निघेपर्यंत.

विहीर तळाला गेली. खालच्या ओढ्यातल्या झऱ्यावरून पाणी आणावं लागतं आणि पोरगी माझ्याबरोबर कळशी घेऊन चढती. शाळा बुडायलीय. परवा चढावर घसरली, गुडघा फुटला. रडली लई, पण गुडघ्यासाठी नाय गं, पाणी सांडलं म्हणून. सात वर्षाचं लेकरू पाण्यासाठी रडायलंय, हे मला बघवलं नाय.

तू म्हणशील, सगळेच खाली या. ते नको सांगू. हे गायरान आकाशच्या आजोबांनी दगड वेचून वेचून काढलं. त्याचा कागद अजून आपल्या नावचा झाला नाय. चुलीचा धूर दिसतो तवर आपलं. पलीकडच्या माळावरचे दोघं नवराबायको वाळूजला कामाला गेले, दिवाळीला परत आले तर रानाला दुसऱ्याचंच तारेचं कुंपण. आपल्याच दारात उभं राहून त्यांना पाणी मागावं लागलं.

यशूचं ओझं तुझ्यावर पडू देणार नाय. तिच्या वाट्याचं दर आठवड्याला नानासाहेबासंगं धाडीन.

आकाश बरा हाय. चिंचा झोडताना कंबर जरा धरलीय.

तुझी विशा


हडको, छत्रपती संभाजीनगर
१६ फेब्रुवारी

विशा,

जय भीम. नानासाहेबाजवळ 'लगेच पाठव' म्हणून निरोप दिला आणि पोरगी पोहोचली. अगं, हे काही विचारणं झालं? "ठेवशील का" म्हणे! तुझी ताई आहे मी, कुणी सरकारी साहेब नाही. राजेंद्रची सेकंड शिफ्ट होती, तरी सुट्टी टाकून मंडईत हजर. जीपमधून ती कोथिंबिरीच्या जुड्यांमधून उतरली, राजेंद्रनं उचलून घेतली, आणि हा माणूस चक्क रडला. कंपनीत सगळ्यांवर ओरडणारा माणूस!

पण विशा, काय केलंयस पोरीचं? हाडं मोजावीत अशी झालीय. तळपाय बघितलेत का तिचे? आणि तिच्या सवयी बघून तर मला घाम फुटलाय. पहिल्याच दिवशी आंघोळीचं पाणी बादलीत धरून ठेवलं आणि तीन जिने उतरून खालच्या लिंबाच्या झाडाला घातलं. सगळ्या बाया गॅलरीत उभ्या. शॅम्पूची रिकामी पुडी धुऊन खिडकीत वाळत घातली. मी विचारलं, काय करणार याचं? तर म्हणते, "मावशी, बी ठेवायला होईल."

इथवर हसले मी. मग काल गादी उचलली तर खाली पोळीचे तुकडे, वाळवून कडक केलेले, फडक्यात बांधलेले. ज्या घरात पोट भरतं त्या घरातलं लेकरू पोळी लपवतं का गं?

आणखी एक. पप्पांचं विचारलं की पोरगी गप्प होते. "बरे आहेत. कंबर दुखते," एवढंच, पाठ केल्यासारखं. आणि मान खाली. काय आहे ते मला सांग.

पाटी मिळाली. डाळ, अंडी, करडईचं तेल, आणि तो शेवगा! एवढं कशाला धाडलंस?

मेघा


सर्जेरावाचा माळ
२३ फेब्रुवारी

ताई,

पोळीचं वाचून आधी हसले आणि मग तुझा राग आला. अगं, ते कोंबड्यांसाठी! इथं उरलंसुरलं वाळवून ठेवतो आणि दुपारी भिजवून कोंबड्यांना टाकतो. ते काम तिचंच हाय. तिची एक काळी तलंग हाय, तिच्यासाठी जमवीत असंल. तुझ्या बिल्डिंगीत कोंबडी नाय हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागंल. माझं लेकरू उपाशी नव्हतं. बारीक हाय, ते आकाशच्या अंगलटीवर गेलंय.

आणि पप्पांचं काय असणार? कंबर धरलीय, सांगितलं ना. तू लई खोलात जातीस.

पाटी कशाला म्हणून विचारतीस? मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. आपल्या माणसाच्या घरी झालं तरी फुकटचं खाऊ नये, हे आमच्या घरात पहिल्यापासून. ती इथं असती तर खाल्लंच असतं ना? ते तिचं हाय. ह्या पाटीत नवा हरभरा हाय, भाजून दे तिला, आवडतो. ज्वारीचे बिबडे पापड हायेत, यंदाचे पहिले. बोरांचं कूट हाय. अंडी जपून उतरव.

इकडं पळस पेटल्यावाणी फुललाय. खाली गावात होळीसाठी पोरं गोवऱ्या पळवायला लागली, म्हणून माझ्या मी आत रचल्या. गहू दोन दिसात काढावा लागंल. एकटीनं... म्हणजे आम्ही दोघं काढू. हाताला आता काटा लागतच नाय, कातडं जाड झालंय.

पत्रं लिहायला बसले की बरं वाटतं. दिवसभर तोंडातून शब्द निघत नाय. यशू बडबड करायची त्याचा ताप व्हायचा, आता कळतं.

तिला सांग, काळी तलंग अंड्यावर बसली. आणि सांग, आईनं सांगितलेलं ध्यानात ठेव. तिला कळंल.

विशा


हडको
४ मार्च

माझी लाडकी विशा,

आज तुझी तिसरी पाटी आली, आणि आता मला राहवत नाही. मी स्वतःहून विचारणार नव्हते. अशा गोष्टी कुणी बोलून दाखवत नसतं, आपल्या घरात तर नाहीच.

राजेंद्रला पहिल्याच पत्रात समजलं होतं. तो म्हणाला, "मेघा, वाट्याचं धाडते म्हणते, याचा अर्थ तुला कळतोय का?" मी त्याला दटावलं, म्हटलं, उगाच आशा लावून घेऊ नको. अकरा वर्षं झाली, आशा लावून लावून माझ्या काळजाला घट्टे पडलेत. पण पाटी येतच राहिली. डाळ आली, तेल आलं, नव्या पिकाचा पहिला हरभरा आला. मग मला केसरआत्याची गोष्ट आठवली. आजीनं तिला आपल्या जावेला दिली, तिला मूलबाळ नव्हतं म्हणून. दिली तेव्हा तोंडानं एक शब्द बोलली नाही. नुसती दर बाजाराला तिच्या वाट्याची ज्वारी धाडत राहिली, दिलेली लेक त्या घरात उपरी वाढू नये म्हणून. आई ही गोष्ट सांगताना दर वेळी रडायची. तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचीस. तू विसरणार नाहीस.

तुझ्या पोटात किती तुटलं असेल, विशा! मी तुझे पाय धरले तरी कमी आहे.

आम्ही तिला फुलासारखी ठेवू. शाळा बघितली, आमच्याच गल्लीतली. मुख्याध्यापक बाई चांगल्या आहेत, जूनपासून घेते म्हणाल्या. नाव यशोधरा राजेंद्र असंच लावू म्हणतो. तेवढा तिकडच्या शाळेचा दाखला काढून पाटीतून पाठव. मी मशीनवर तिला तीन फ्रॉक शिवलेत, एक पिवळा, सॅटिनचा. गालावर मांस आलंय. शेजारच्या मोनिकानं विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझी मुलगी. पहिल्यांदा म्हटलं. तोंडात गूळ फुटल्यासारखं झालं.

आकाशला आमचा जय भीम सांग. त्यानंही मन मोठं केलं.

तुझी ताई


सर्जेरावाचा माळ
६ मार्च

ताई,

हे काय लिहिलंस?

मी यशूला दिली नाय. ऐकतीस का? दिली नाय. मिरगापर्यंत म्हटलं होतं मी, साफ शब्दात. पाटी तुझ्यावर भार पडू नये म्हणून. आत्याची गोष्ट माझ्या मनातसुद्धा नव्हती. माझीच मती मारली गेली, तुझ्या मनात काय येईल हे मला कळायला पाहिजे होतं.

दाखला काढणार नाय. नाव लावू नको. त्या मोनिकाला जाऊन सांग की भाचीय. आत्ताच्या आत्ता सांग.

उद्या परवा नानासाहेब रिकामी जीप घेऊन परत फिरंल, त्याच्यासंगं तिला लावून दे. पाण्याचं मी बघते. शाळेचं मी बघते. मला स्वतःला यायचं होतं, पण घर सोडता येत नाय. मी फाट्यावर उभी राहते.

तुझा राग नाय. पण माझी लेक मला दे.

विशाखा


हडको
१६ मार्च

विशाखा,

तू फाट्यावर उभी राहिलीस, हे नानासाहेबानं सांगितलं. पाठोपाठ तीन दिवस. मी पोरगी पाठवली नाही, आणि का नाही ते लिहायला मला इतके दिवस लागले.

खरं सांगू? पहिले दोन दिवस मी नुसती रडले. राजेंद्र जेवला नाही. मग म्हटलं, चूक माझी, तिची लेक तिला द्यावी. तिची पिशवी भरली. पिवळा फ्रॉक घातला. म्हटलं, चल यशू, घरी जायचं. तर पोरगी पलंगाखाली जाऊन बसली. ओढून काढायला गेले तर दोन्ही हातांनी पलंगाचा पाय धरून बसली. म्हणे, "पप्पा रागावले असतील." आणि झोपेत "पप्पा, पप्पा" करून किंचाळत उठते, हे मी तुला आजवर लिहिलं नव्हतं.

मी मूर्ख नाही, विशा. आकाश तिच्यावर हात उचलतो का? तुझ्यावर उचलतो का? पितो का? तुझ्या एकाही पत्रात तो एक शब्द बोललेला नाही. कंबर धरली, कंबर धरली, किती दिवस धरते माणसाची कंबर? तुमच्याकडं खायला आहे, अंडी आहेत, तेल आहे, पाट्याच्या पाट्या भरून येतात. मग पोटची पोर घराबाहेर काढायचं कारण काय? पाणी? पाणी आत्ता आटलं का? दर वर्षी आटतं.

माझ्या मनात स्वार्थ आहे, हो, आहे. तू म्हणण्याआधी मीच म्हणते. मला ती पाहिजे. सकाळी ती माझ्या पोटाला चिकटून झोपलेली असते तेव्हा मी लघवीलासुद्धा उठत नाही. पण स्वार्थ बाजूला ठेवून सांगते, ज्या घरी जायच्या नावानं लेकरू पलंगाखाली शिरतं, तिथं मी तिला धाडणार नाही. तू पोलीस आण, नाहीतर पंचायत बसव.

मला खरं सांग. मग बघू.

आणि पाटी धाडू नको. मला आता तिच्याकडं बघवत नाही.

मेघा


सर्जेरावाचा माळ
२४ मार्च

ताई,

आकाशनं आजवर मुंगीवर हात उचलला नाय.

तो चिंचेवरून पडला. जानेवारीच्या शेवटाला. वरनं फांदी हलवायची आणि खाली जुन्या लुगड्यात चिंचा झेलायच्या, म्हणजे मातीत पडून फुटत नाय, असंच आम्ही दर वर्षी करतो. लुगड्याची दोन टोकं मी धरलेली, दोन यशूनं. फांदी मोडली. तो लुगड्यातच आला आणि पोरीच्या हातातून टोकं सुटली. लेकराच्या हातात कुठली आलीय बापाला झेलायची ताकद? पण तिच्या डोक्यात बसलंय की तिनं सोडलं म्हणून पप्पा पडले. मी लाखदा समजावलं. म्हणून ती पलंगाखाली शिरली, ताई.

कमरेखाली त्याला कळत नाय. हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या, म्हणाला, पाडव्यापर्यंत उभा राहील. पाडवा तोंडावर आला. पाय लाकडागत पडलेत. मी त्याला कुशीवर वळवते, धुते, पुसते. तो भिंतीकडं तोंड करून पडतो आणि माझ्याशी बोलत नाय. यशू इथं होती तव्हा पोरीनं बापाला असं बघू नये म्हणून तो तिला आत येऊ देईना, आणि ती दाराबाहेर बसून "पप्पा, चुकलं" म्हणायची. दिवसभर. तिला तिथून काढलं नसतं तर पोरगी येडी झाली असती. हे होतं कारण. पाणी आपलं सांगायला.

कुणाला कळू दिलं नाय. नानासाहेबालासुद्धा नाय, तो फाट्यावरून पुढं येत नाय. घरचा गडी आडवा पडलाय हे खाली कळलं तर पाऊस लागायच्या आत आमच्या माळाला तार पडंल. यशूकडून मीच शपथ घेतली, मावशीला एवढंच सांगायचं, कंबर दुखती. सात वर्षाच्या जिभेला मी कुलूप घातलं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं तर त्याला उचलणार कोण, आणि त्याच्यापाशी मी राहिले तर चूल पेटवणार कोण? दिवसभर हेच डोक्यात फिरतंय. फिरून फिरून तिथंच येतं.

पाट्यांचं विचारतीस. अंडी त्याला पाहिजे होती. तेल त्याच्या पाठीला पाहिजे होतं. मी तुला धाडलं, कारण पाटी हलकी गेली असती तर तू वर बघायला आली असतीस. मी ज्वारीच्या कण्या शिजवून खाते, त्याला पेज देते. गहू अर्धा उभाच हाय, आता रानात गळून चाललाय.

परवापासून त्याला ताप हाय. पाठीला जखम पडलीय, वास मारती. काल पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "यशूला ताईकडंच राहू दे. आपल्याकडं आता काय राहिलंय?"

मी रात्रभर त्याच्याशी मनात भांडले. पण बरोबर बोलला तो. तिला पिवळा फ्रॉक हाय, शाळा हाय, पोटाशी घेणारी बाई हाय. इथं काय हाय? आजारी बाप आणि पाणी वाहून वाकलेली आई.

ठेव तिला. तुझं नाव लाव. शाळेतल्या बाईंना निरोप धाडलाय, दाखला पुढच्या खेपेला येईल. तू चुकीचं समजली होतीस, पण आता ते खरं कर.

एकच मागणं तुझ्यापाशी. तिला सांग, तू सोडलं नाय. फांदी मोडली होती. रोज सांग, तिला पटंपर्यंत.

विशाखा


हडको
२६ मार्च

विशे,

गाढव आहेस तू. तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटते, आणि माझ्याही.

पत्र मी मनकर्णाबाईच्या दुकानातच वाचलं आणि भाजी तिथंच टाकून राजेंद्रला फोन लावला. मला पोरगी पाहिजे होती, रात्रंदिवस पाहिजे होती. पण अशी नाही. कुणाच्या मढ्यावरून उचलून नाही.

उद्या पहाटे आम्ही येतोय. राजेंद्र, त्याच्या शिफ्टची दोन पोरं, आणि नानासाहेबाची जीप. नानासाहेबाला मी सगळं सांगितलं, तोंड उघडशील तर तुझी भाजी शहागंजात विकू देणार नाही असा दम भरला. तो म्हणाला, "ताई, मला काय माणुसकी नाय का?" आकाशला बाजेसकट उचलून घाटीत न्यायचं. तू त्याच्यासोबत जा.

मी माळावर राहते. यशूला घेऊन. चूल मी पेटवते.

मला भाकरी थापता येत नाही, हे माहीत आहे तुला. हसू नको.

मेघा


सर्जेरावाचा माळ
१४ एप्रिल

विशा,

हे पत्र राजेंद्र तुला वॉर्डात आणून देईल. तुझी चिठ्ठी त्यानंच आणली. ऑपरेशन झालं, ताप उतरला, आणि डाव्या पायाचा अंगठा हलला! मी यशूला तीनदा वाचून दाखवलं. डॉक्टर चालण्याचं काही सांगत नाहीत म्हणतेस. नको सांगू देत. अंगठा हलला ना? आकाश तिच्याबद्दल विचारतो, हे वाचून तिनं विचारलं, "रागावून विचारतात का?" मी म्हटलं, नाही गं बाई. रोज सांगते तिला, फांदी मोडली होती. काल तिनं स्वतः मला ती मोडकी फांदी दाखवली. हात लावून बघितली. आणि पहिल्यांदा त्या झाडाखालून पळत नाही गेली.

माझं विचारशील तर बाई, मेले मी. पहिल्या दिवशी दोन कळशा घेऊन चढताना वाटेत बसून रडले. हाताला फोड, फोडांवर फोड. धुरानं डोळे गेले. तुझी लेक मला शिकवते, आणि शिकवताना रागावते! काल राख जास्त घेतली म्हणून ओरडली. उरलेला गहू आम्ही दोघींनी काढला, राजेंद्रनं रविवारी येऊन झोडला. गळून गेला त्याला इलाज नाही. काळ्या तलंगेला पिल्लं झालीत. यशू त्यांना मोजत बसते आणि दर वेळी चुकते. तू हे सगळं एकटीनं कसं केलंस गं? मी तुला इतकी पत्रं लिहिली, एकात तरी विचारायचं होतं, तू जेवलीस का?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल दुपारी तिघंजण आले. पांढरे कपडे, मोटारसायकली बांधावर लावून थेट अंगणात. एकाच्या हातात टेप होता, मोजायचा. "घरात कुणी हाय का? आकाश कुठंय? लोक म्हणतात, इथं आता कुणी राहत नाय." मी चुलीसमोर होते, फुंकणी हातात. म्हटलं, धूर दिसत नाही का तुम्हाला? ते म्हणाले, "तुम्ही कोण? तुम्ही तर शहरातल्या दिसता. पाहुण्या का?"

मी फुंकणी घेऊन उठून उभी राहिले.

तेवढ्यात यशू कळशी ठेवून आली आणि माझा पदर धरून उभी राहिली. म्हणाली, "ही माझी आई हाय. पप्पा बाजाराला गेलेत."

ते गेले, विशा. टेप न उघडता गेले. परत येतील, पण काल गेले.

मग तिनं दार लावलं, मला आत ओढलं आणि कानात विचारलं, "मावशी, जमिनीसाठी खोटं बोललं तर चालतं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिला पोटाशी घेतली आणि तोंडात पदर कोंबला, तिला आवाज जाऊ नये म्हणून. अकरा वर्षं ज्या शब्दासाठी मी दवाखाने पालथे घातले तो मला मिळाला, आणि मिळाला तेव्हा पोरगी त्याला खोटं म्हणाली. आणि खरंच बोलली ती.

आज जयंती आहे. खालून डीजे ऐकू येतोय. आम्ही बाबासाहेबांच्या फोटोला पळसाची वाळलेली फुलं आणि गव्हाच्या लोंब्या वाहिल्या, इथं दुसरं काही नव्हतं. यशू पिवळा फ्रॉक घालून बसली होती. मेणबत्ती लावताना म्हणाली, "आई आली की परत लावू."

आकाशला एकटा ठेवता यायला लागला की एक दिवससुद्धा थांबू नको. राजेंद्र त्याच्यापाशी राहील, पण तू ये. आज मी तुला तुझी लेक परत द्यायला तयार आहे, विशा, अगदी मनापासून. उद्याचं मला सांगता येत नाही. लवकर ये.

मेघा